रविवारचे धक्के आणि वाल्बुर्गाचं वॉशिंग मशीन

जगात कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे थोरामोठ्यांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. पण नुसतं कारण असून भागत नाही, त्या कारणाची सहीसुद्धा लागते, हा शोध हिंटरग्राटच्या ग्रामपरिषदेचा. त्याबद्दल तिचं करावं तेवढं कौतुक थोडंच आहे.

हिंटरग्राट हे आल्प्समधलं, वालिस प्रांतातलं तीनशे बारा माणसांचं गाव. गावाच्या डोक्यावर ग्राटचं धरण आहे. एकशे चौतीस मीटर उंच भिंत, भिंतीच्या मागे तलाव आणि पुढे गाव, अशी एकंदर मांडणी (उलट मांडणी जास्त सोयीची झाली असती, पण बांधकामाच्या वेळी तशी लेखी मागणी कोणी केली नव्हती). या धरणाचा राखणदार थिओडुल झुर्ब्रिगेन. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, बोलणं बेताचं. रोज सकाळी सातला तो भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात उतरतो, तिथे टांगलेल्या लंबकाच्या तारेपुढे उभा राहतो आणि भिंत किती हलली ते वहीत लिहितो. तलाव भरला की भिंत तीनेक सेंटीमीटर गावाकडे झुकते, पाणी उतरलं की परत ताठ होते. झुकते म्हणूनच ती टिकते, असं थिओडुल लोकांना सांगतो. लोकांना ते पटत नाही. हिंटरग्राटमध्ये आजवर जे काही टिकलं ते न झुकता टिकलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी खालच्या शहरातल्या एका कार्यालयाने गावाला तीन भूकंपमापक यंत्रं पाठवली. एक धरणाच्या पोटात बसवलं, एक ग्रामपरिषदेच्या तळघरात आणि एक चर्चच्या खाली. यंत्रं उत्तम होती. इतकी उत्तम, की पलीकडच्या कुरणात गाय खाली बसली तरी त्यांना कळायचं. प्रत्येक धक्क्याची नोंद थिओडुलने एका छापील तक्त्यात करायची. तक्त्याला चार रकाने: तारीख, वेळ, तीव्रता, कारण. पहिले तीन यंत्र भरून देई. चौथा माणसाने भरायचा होता.

पहिल्या वर्षी एकूण चारशे बारा धक्के नोंदले गेले. त्यांतले एकशे त्रेसष्ट लाकूड फोडल्याचे. अठ्ठ्याऐंशी गाईंच्या झुंजींचे आणि त्या झुंजींच्या सरावाचे. बावन्न धक्के चर्चच्या गायकवृंदातल्या खर्जात गाणाऱ्या चौघांमुळे (यांतले निम्मे नाताळच्या आठवड्यात). एकाहत्तर वेळा ग्रामपरिषदेचे अध्यक्ष ओडिलो आन्डेनमाटेन जिना उतरले होते. सव्वीस धक्क्यांचं कारण ‘फर्निचर हलवणे’ असं संबंधित जोडप्यांनी लिहून दिलं, आणि परिषदेने ते खोलात न जाता मान्य केलं. उरलेले बारा भूकंप होते. त्या बारांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रारी होत्या त्या वेगळ्याच. रविवारी हिंटरग्राटमध्ये आवाज करत नाहीत. लाकूड फोडायचं नाही, गालिचा झटकायचा नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत (भरलेली बाटली रिकामी करायला हरकत नाही), आणि कपडे तर मुळीच धुवायचे नाहीत. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सगळे पाळत आले आहेत, आणि शेजारी पाळत नाही अशी प्रत्येकाची पिढ्यान्‌पिढ्या खात्री आहे. पुरावा तेवढा नव्हता. आता पुरावा देणारी तीन यंत्रं गावात आली म्हटल्यावर सोमवारी सकाळी थिओडुलच्या दाराशी रांग लागायला लागली.

“थिओडुल, काल दुपारी सव्वादोनला कोणीतरी ठोकत होतं बघ. मशीनवर आलं असेल की नाही?”

“ते मशीन भूकंपासाठी आहे रे बाबा.”

“असू दे की! तू वेळ तेवढी सांग. माणूस मी शोधतो.”

थिओडुल सांगायचा नाही. मग लोकांनी ठराव करून सगळ्या नोंदी चर्चच्या फळ्यावर लावायला लावल्या. त्याचा परिणाम असा झाला की वर्षभरात गाव चिडीचूप झालं. खुर्च्यांच्या पायांना नमदा लागला. गाईंच्या झुंजी शनिवारी आल्या. खर्जातल्या चौघांना वरच्या पट्टीत बसवलं. अध्यक्ष आन्डेनमाटेन रविवारी वरच्या मजल्यावरच राहू लागले. फर्निचर हलवायचं तरुण मंडळींनी अजिबात सोडून दिलं. आणि मग एक पंचाईत झाली. गाव गप्प बसल्याबरोबर डोंगर ऐकू यायला लागला.

डोंगरही रविवारीच बोलत होता. थिओडुलने महिनाभर डोकं खाजवलं आणि मग एका कागदावर दोन रेघा काढल्या, एक पाण्याची, एक धक्क्यांची. रविवारी देशभरातले कारखाने बंद, वीज वापराविना पडून राहिलेली, म्हणून त्या दिवशी खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वर तलावात चढवतात. रविवारी पाणी चढलं की त्याचा भार डोंगरावर येई, पाणी कपारीत शिरे, आणि तीन-चार किलोमीटर खोल कुठेतरी खडक सरके. थिओडुलला कुठेतरी पाणी मुरत असल्याचा संशय आला होता (धरणाच्या बाबतीत हा संशय शब्दशः घ्यावा लागतो). कागद घेऊन तो अध्यक्षांकडे गेला.

अध्यक्षांनी दोन्ही रेघा नीट पाहिल्या. कागद उलटा करून पाहिला.

“रविवारी?”

“रविवारीच.”

“डोंगर कॅथलिक आहे, थिओडुल. आपल्याकडचा डोंगर रविवारी काम करणार नाही. तो पलीकडच्या प्रांतातला असता तर मी विचार केला असता.”

आता नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमापायी झालं. यंत्रांबरोबर एक पुस्तिका आली होती. ती एकट्या थिओडुलने वाचली होती. तिच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की मे ते सप्टेंबर या भरणीच्या हंगामात दोन रिश्टरच्या वरचे आणि ‘कारण अज्ञात’ असे तीन धक्के आले, तर तलाव ताबडतोब बारा मीटर उतरवावा. थिओडुलला एवढंच हवं होतं. सप्टेंबरअखेर तलाव काठोकाठ भरायच्या आत बारा मीटर पाणी उतरावं, बस्स. भिंतीच्या खालचं पहिलं घर त्याच्या बहिणीचं, वाल्बुर्गाचं होतं. आई गेली तेव्हा थिओडुल चार वर्षांचा होता. त्याला भरवलं, मारलं, शाळेत घातलं ते वाल्बुर्गाने. त्या घरावर एवढं पाणी उभं आहे ही गोष्ट त्याला तीस वर्षं खटकली नव्हती. त्या दोन रेघा काढल्यापासून त्याला जेवण जाईना.

गावाचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेही समजून घेतलं पाहिजे. बारा मीटर पाणी उतरलं की तलावाभोवती चिखलाचा पट्टा उघडा पडतो. सहलीची बोट गाळात बसते. सप्टेंबरातला तलावाचा उत्सव, ते काठावरचं वितळलेल्या चीजचं राक्लेट, ते दिवे, सगळं चिखलाच्या वासात होतं. हा धोका डोळ्यांना दिसणारा होता. दुसरा जमिनीच्या तीन किलोमीटर खाली होता. कोणत्याही जबाबदार परिषदेने जे केलं असतं तेच हिंटरग्राटच्या परिषदेने केलं. तिने धक्क्यांना हात लावला नाही. तिने अज्ञाताला हात घातला.

कारण समिती स्थापन झाली. अध्यक्ष धरून सदस्य पाच, बैठक दर मंगळवारी, प्रत्येकाला एक पेला पांढरी वाइन. समितीने पहिल्याच बैठकीत कारणाची व्याख्या ठरवून टाकली. कारण गावात राहणारं असावं, सज्ञान असावं आणि त्याला सही करता यावी. या व्याख्येत डोंगर बसत नव्हता, पाणीही बसत नव्हतं. मे महिन्यातल्या धक्क्याची सही एका सुताराने दिली. त्याला नाहीतरी परिषदेकडून गोठा वाढवायची परवानगी हवी होती. जूनमधला २.१ रिश्टरचा धक्का समितीतल्याच बेकरीवाल्या यॉडरने घेतला. पिठाचं पोतं पडलं, असं त्याने लिहून दिलं (धक्का अकरा सेकंद चालला, पोतं मोठं असावं).

जुलैत मात्र घोटाळा झाला. समितीचे पाचही सदस्य सुट्टीवर इटलीत समुद्रकाठी गेले, आणि पाठीमागे दोन रविवारी दोन धक्के आले. थिओडुलने नियमाप्रमाणे एक आठवडा वाट पाहिली आणि चौथ्या रकान्यात दोन्हीपुढे लिहिलं, ‘अज्ञात’. समिती परतली तेव्हा शाई वाळली होती.

“अरे, फोन तरी करायचास!” अध्यक्ष ओरडले. “आम्ही तिथून पाठवलं असतं एखादं कारण!”

दोन झाले. आणखी एक झाला की बारा मीटर. गाव रविवारी चवड्यांवर चालायला लागलं.

चोवीस ऑगस्टला, रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी २.८ रिश्टरचा धक्का बसला. चर्चची घंटा आपली आपण एकदा वाजली. यॉडरच्या मांडणीवरून नऊ राई-पाव खाली आले. तलावातल्या बोटीवरच्या प्रवाशांना तो सहलीतलाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. थिओडुल धावत बोगद्यात गेला. लंबकाची तार दोन मिलिमीटर सरकली होती आणि परत आली नव्हती.

मंगळवारी समिती बसली ती वाइनसुद्धा न घेता. एवढा मोठा धक्का घ्यायला कोणी तयार होईना. सुताराचा गोठा बांधून झाला होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, की वाल्बुर्गाकडचं वॉशिंग मशीन फार जुनं आहे, कपडे पिळताना ते तळघरात इकडून तिकडे चालत जातं. सगळ्यांचे चेहरे उजळले.

“धक्का तीन किलोमीटर खोलीवरून आलाय,” थिओडुल म्हणाला. तो नोंदी घेऊन कोपऱ्यात उभा होता.

“तिचं तळघर किती खोल आहे?”

“अडीच मीटर.”

“म्हणजे खोलच आहे,” अध्यक्ष म्हणाले, आणि समितीच्या सचिव क्रेसेन्त्सिया रुप्पेन यांनी ते लिहून घेतलं.

पण समिती अन्यायी नव्हती. तिने चाचणी घेतली. दुसऱ्या दिवशी बुधवारी पाचही जण वाल्बुर्गाच्या तळघरात उतरले, मशीनमध्ये चादरी कोंबल्या आणि ते पूर्ण वेगाने फिरवलं. मशीन खरोखरच दाराशी चालत गेलं. थिओडुलने तिन्ही यंत्रं वाचली: शून्य, शून्य, शून्य. त्याला वाटलं, सुटलो. समितीने पाऊण तास चर्चा करून निष्कर्ष काढला तो असा. बुधवारी हे मशीन निर्दोष आहे, हे सिद्ध झालं. आरोप रविवारचा आहे. रविवारची चाचणी रविवारीच घ्यावी लागेल. रविवारी मशीन लावायला मनाई आहे. म्हणून चाचणी घेता येत नाही, आणि संशय कायम राहतो.

“मी?” वाल्बुर्गा म्हणाली. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. “मी रविवारी रुमालसुद्धा भिजत घालत नाही! तुमच्या आयांना विचारा!”

“त्या हयात नाहीत, फ्राउ झुर्ब्रिगेन,” क्रेसेन्त्सियाबाई हळहळून म्हणाल्या. “नाहीतर विचारलंच असतं.”

संध्याकाळी सहीचा कागद घेऊन थिओडुललाच पाठवलं. दुसरा कोणी जायला तयार नव्हता. त्याने टोपी काढली, कागद टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे बघत उभा राहिला.

“बस की. पाहुणा आहेस का?” वाल्बुर्गाने चष्मा लावून कागद वाचला. “मी सही केली तर काय होईल?”

“पाणी उतरणार नाही.”

“आणि नाही केली तर?”

“तर तिसरा अज्ञात. बारा मीटर खाली.”

“मग हे घरी घेऊन जा आणि चुलीत घाल. आणि थिओ, खोटं कारण लिहिलंस ना, तर थोबाडीत देईन. मिशा आल्या म्हणून सोडायची नाही.”

थिओडुल हसला. त्या महिन्यात तो पहिल्यांदाच हसला होता, आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

गावाने वाल्बुर्गाला त्रास दिला असं मात्र कोणी म्हणू नये. कोणी तिला एक वावगा शब्द बोललं नाही. कोणी कसलाच शब्द बोललं नाही. बेकरीत तिला पाव मिळे, कालचा. गायकवृंदात तिच्या खुर्चीवर कोट ठेवलेले असत. फळ्यावर तिचं नाव होतं, पण सभ्यतेने फक्त आद्याक्षरं लिहिलेली (गावात वा. झु. ही एकच होती). थिओडुलने खालच्या कार्यालयात फोन करून सगळं सांगितलं. तिथल्या बाई अतिशय नम्र होत्या.

“चौथ्या रकान्यात नाव असेल आणि सही असेल, तर आमच्या दृष्टीने तो भूकंप नाही,” त्या म्हणाल्या. “तो शेजाऱ्यांमधला प्रश्न आहे. त्यासाठी वेगळा विभाग आहे, पण तो मी नाही.”

एकोणतीस ऑगस्टला गावसभा भरली. आरोपी सही करत नसेल तर तिच्या वतीने गावाने बहुमताने सही करावी, असा ठराव होता. हिंटरग्राटमध्ये ज्याच्याशी विषयाचा संबंध आहे त्याने मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर जायचं असतं, आणि त्याच्या नातेवाइकांनीही. म्हणून वाल्बुर्गा आणि थिओडुल बाहेर कोटांच्या खुंट्यांखाली बाकावर बसले. आत हात वर होण्याची सळसळ ऐकू आली.

“किती झाले असतील?” वाल्बुर्गाने विचारलं.

“सगळे.”

“यॉडरचासुद्धा? त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलंय रे.” तिने आपल्या कोटावरचा एक धागा काढला आणि बराच वेळ बोटात फिरवत राहिली. “मी रविवारी धुते असं तीनशे माणसांना वाटतं, थिओ. हे मला पाण्यापेक्षा जड झालंय.”

दार उघडलं. एकशे त्रेचाळीस विरुद्ध शून्य. भूकंप बहुमताने मिटवणारं गाव जगात दुसरं नसावं. लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. तलाव काठाला लागायला सहा मीटर बाकी होते.

सोमवारी सकाळी वाल्बुर्गाने घराला कुलूप लावलं आणि पोस्टाच्या पिवळ्या बसमध्ये मशीन चढवलं. ड्रायव्हरने नियम काढून पाहिले. वॉशिंग मशीनसाठी तिकीट नव्हतं, म्हणून त्याने कुत्र्याचं फाडलं. ती चाळीस किलोमीटरवर भाचीकडे चालली होती.

“चल,” ती थिओडुलला म्हणाली.

“सकाळी सातला मोजमाप असतं, बुर्गी.”

“तुझ्यानंतर कोणी मोजणार नाही म्हणून थांबतोस, की तूच मोजतोस म्हणून गाव निर्धास्त इथे थांबलंय? विचार कर जरा,” ती म्हणाली, आणि मशीनशेजारी जाऊन बसली.

पुढच्या रविवारी, सात सप्टेंबरला, ३.३ रिश्टरचा धक्का आला. धुराडी पडली, दोन गाई कड्यावरून घसरल्या, आणि ग्रामपरिषदेच्या भिंतीला तळघरापासून छपरापर्यंत भेग गेली. धरणाच्या बोगद्यात थिओडुलने तार पाहिली आणि पुन्हा पाहिली. मग तो धापा टाकत थेट समितीपुढे जाऊन उभा राहिला. त्याचा मुद्दा सोपा होता. वाल्बुर्गा इथे नाही. मशीन इथे नाही. धक्का आला. म्हणजे कारण अज्ञात. म्हणजे तीन झाले. तलाव उतरवायचा व्हॉल्व्ह उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक त्याची, एक अध्यक्षांची. त्याने आपली टेबलावर ठेवली.

अध्यक्षांनी किल्लीकडे पाहिलं नाही. ते खिडकीबाहेर, वाल्बुर्गाच्या बंद घराकडे बघत होते.

“ते मशीन तिथे किती वर्षं होतं?”

“एकतीस.”

“आणि वजन?”

“असेल ऐंशीएक किलो.”

“एकतीस वर्षं ऐंशी किलो एका जागी होतं. गेल्या सोमवारी ते उचललं. आणि लगेच रविवारी हे.” अध्यक्षांनी छातीवर क्रुसाची खूण केली. “अरे देवा. दरीचा तोल गेला.”

“समोर आठ कोटी टन पाणी आहे!” थिओडुल ओरडला. तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडत होता.

“ते दर वर्षी असतं. यंदा वेगळं काय झालं ते सांग ना. मशीन गेलं.”

समितीने एकमताने लिहिलं: कारण, वॉशिंग मशीनची अनुपस्थिती; जबाबदार व्यक्ती, वा. झु. मग तिला नोंदणीकृत पत्र गेलं. इतकं आर्जवी पत्र त्या परिषदेने बिशपलासुद्धा लिहिलेलं नाही. आपण मशीनसह त्वरित परत यावं, मशीन पूर्वीच्या जागी ठेवावं आणि डोंगराच्या हितासाठी ते दर रविवारी दुपारी दोन ते पाच भरून चालवावं. त्यासाठी खास परवाना सोबत जोडला आहे. रविवारी कपडे धुण्याचा हिंटरग्राटच्या इतिहासातला तो पहिला परवाना. क्रेसेन्त्सियाबाईंनी त्यावर शिक्का मारताना डोळे पुसले म्हणतात.

वाल्बुर्गाचं उत्तर साध्या पोस्टकार्डावर आलं. चार शब्द: मी रविवारी धूत नाही.

त्या दिवशी थिओडुलने तक्ता घेतला, समितीने लिहिलेल्या कारणावर काट मारली आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पाणी’. खालच्या कार्यालयाला पाठवलेला तो तक्ता दोन दिवसांनी परत आला. पाण्याची सही नव्हती. त्याची किल्ली अजून समितीच्या टेबलावरच आहे, तिच्यावर आता कागद ठेवतात. अध्यक्षांची किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे. बेकरीवाला यॉडर गेल्या आठवड्यात बायकोच्या गुडघेदुखीसाठी गाव सोडून खाली राहायला गेला, त्यामुळे समितीत एक जागा रिकामी झाली आहे.

ही हकीकत आम्ही जिथे जिथे सांगितली तिथे तिथे ऐकणारे पोट धरून हसले, आणि मग डोळे पुसून प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: मग, आणलं का म्हातारीने मशीन परत? गावात थिओडुललाही लोक हेच विचारतात. पोस्टात विचारतात, चर्चच्या पायरीवर विचारतात, खालच्या कार्यालयातल्या बाईंनीही मुद्दाम फोन करून विचारलं. तो सगळ्यांना सांगतो, नाही आणलं. आणि मग टोपी हातात धरून जरा वेळ तिथेच उभा राहतो, कोणी आणखी काही विचारतंय का बघत. अजून कोणी विचारलेलं नाही.

आपणही आत्ता मशीनचाच विचार करत होतात. संकोचू नका, तो पात्रतेचा भाग आहे. आज सकाळी सातला तलाव काठाला लागायला सदतीस सेंटीमीटर बाकी होते, आणि उद्या रविवार आहे. समितीतल्या रिकाम्या जागेसाठी आपलं नाव सुचवण्यात आलं आहे. विरोधात एकही हात वर झालेला नाही.